लाल टबातली साखळी

कबुली

“माझ्या धाकट्याने कबूल केलंय की थोरल्याला त्यानेच मारलं,” आई म्हणाली. “तो खोटं बोलतोय. तेवढं सिद्ध करून द्या.”

खुर्ची पुढे केली तरी ती बसली नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. दोघेही सायकलच्या शर्यती खेळायचे. संघात एकच जागा होती आणि ती थोरल्याला मिळाली. दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. ‘पडशील तेव्हा कळेल,’ असं धाकटा ओरडला, ते सगळ्या इमारतीने ऐकलं. शर्यतीच्या सकाळी पुलाच्या चढावर थोरला पेडलवर उभा राहिला आणि साखळी तुटली. मागून ट्रक येत होता.

“कानशीने कडी घासून ठेवली होती, असं तो पोलिसांना सांगतोय,” ती म्हणाली. “एक गेला. दुसरा असा जाऊ देऊ?”

बोलताना ती हात चोळत होती. बोटांच्या टोकांची सालं निघाली होती.

“हाताला काय झालं?” वहिनींनी विचारलं.

“घरकाम. आमच्या घरात काळा डाग टिकत नाही.”

वहिनी पूर्वी विमा कंपनीसाठी अपघातांची तपासणी करायच्या. आता स्वतःचं काम घ्यायच्या. सगळं गाव त्यांना वहिनीच म्हणायचं. खरे दीर मात्र एकच, भावजी. गाडी चालवायची, चहा सांगायचा आणि चुकीचा अंदाज बांधायचा, ही त्यांची कामं.

“निरपराध माणूस खून कशाला कबूल करेल?” आई गेल्यावर भावजी म्हणाले.

“कुणाला तरी झाकायला.”

भावजींनी घसा साफ केला. “मग उघड आहे. थोरल्याची बायको. दीर आणि भावजय, एका घरात…”

“भावजी, आपणही एकाच गाडीतून फिरतो.”

भावजी लाल झाले आणि किल्ली शोधायला लागले. ती त्यांच्या हातातच होती.

पिशवी

फौजदाराने पुराव्याची पिशवी टेबलावर ठेवली. आत तुटलेली साखळी होती. वहिनी भिंग लावून बराच वेळ बघत राहिल्या.

“कानशीचे ओरखडे कुठे आहेत?”

“तुटताना गेले असतील.”

“तुटली एकाच जागी. पण तडे बघा. इथे, इथे, आणि ही कडीसुद्धा. एवढ्या सगळ्या घासत बसला होता?”

“वहिनी, आरोपी स्वतःच्या तोंडाने सांगतोय. मी त्याला नको म्हणू?”

भावजींनीही भिंग घेतलं. त्यांना फक्त रंग दिसला. साखळी राखेसारखी होती, चमक म्हणून कुठे नव्हती. वरून तेल दिलेलं, तरी खालून पांढुरकी. गाडी पुसायच्या फडक्याने त्यांनी कपाळ पुसलं आणि बोलायचं टाळलं.

दुकान

सायकलवाला आधीच चिडलेला होता.

“माझ्या साखळीला नावं ठेवू नका! महिन्यापूर्वी नवीकोरी दिली. दोघांना एकदमच, एकाच खोक्यातल्या.”

“साफ कशी करायची ते सांगितलं होतं?”

“दोघांना समोर उभं करून. काढायची, टबात रॉकेलमध्ये बुडवून ठेवायची, ब्रशने घासायची, पुसायची, तेल द्यायचं. दुसरं काहीही लावायचं नाही. लोक भलतंसलतं लावतात आणि मग माझ्या नावाने शंख करतात.”

वहिनींनी फौजदाराकडून मागून आणलेला एक तुकडा पुढे ठेवला. त्याने पकडीत धरून वाकवून पाहिला. कडी वाकली नाही. बिस्किटासारखा तुकडा पडला.

सायकलवाल्याचा चेहरा उतरला. “ही माझ्याकडून अशी गेली नव्हती हो,” तो हळू आवाजात म्हणाला.

न्हाणीघर

घर तिसऱ्या मजल्यावर. थोरल्याच्या बायकोने दार उघडलं. हातात दम्याचा पंप. भावजींनी मनातल्या मनात तिची झडती घेतली आणि स्वतःचीच लाज वाटून चपला सरळ लावल्या.

“त्या सकाळी तुमचे मिस्टर कसे होते?” वहिनींनी विचारलं.

“खूश. आदल्या दिवशी त्यांनी दोन्ही साखळ्या काढून भिजत घातल्या होत्या. घासायला वेळच झाला नाही. सकाळी बघतात तर त्यांची साखळी धुऊन पांढरी झालेली. त्यांना वाटलं, भावाने राग सोडून साफ करून ठेवली. त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, ‘इतकी स्वच्छ तर मला कधी जमली नाही रे!’ मग तेल दिलं आणि स्वतःच बसवली.”

“आणि दीर काय म्हणाले?”

“काहीच नाही. तोंड उघडलं होतं. मग बाहेर निघून गेले.”

“टब कुठे ठेवायचे?”

“न्हाणीघरात. मी तिकडे फारशी जात नाही. फरशी धुतली की तो वास छातीत बसतो. सासूबाई धुवायला लागल्या की मी गच्चीत जाते.”

न्हाणीघर इतकं पांढरं होतं की भावजींना पाय ठेवावासा वाटेना. कोपऱ्यात दोन टब. निळ्यात रॉकेल आणि त्यात धाकट्याची साखळी, तशीच काळीकुट्ट, गाळ साचलेली. लाल टब रिकामा. वहिनींनी तो नाकाशी नेला.

“रॉकेलचा वास नाही.”

त्या खाली वाकल्या. मोरीच्या तोंडावरची लोखंडी जाळी राखेच्या रंगाची झाली होती. कडेला नख लावताच कपचा निघाला. बेसिनखाली फरशी धुवायच्या अॅसिडची बाटली होती, तळाशी घोटभर उरलेलं.

“झालं का वहिनी?” भावजींनी विचारलं. त्यांना खोकला येत होता.

“झालं,” वहिनी म्हणाल्या. पण त्या उठल्या नाहीत. मोरीपाशी तशाच बसून राहिल्या. इतकी वर्षं बरोबर काम करून भावजींनी त्यांना उत्तर सापडल्यावर असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

उलगडा

चौकीतल्या आतल्या खोलीत चौघं होते: फौजदार, वहिनी, भावजी आणि धाकटा. आई बाहेर बाकावर.

“तू कानस चालवलीच नाहीस,” वहिनी म्हणाल्या. “ओरखडा नाही आणि तडे बऱ्याच कड्यांना आहेत. घासलेली कडी पातळ होते. ही जाडीला पुरेपूर होती, तरी काचेसारखी फुटली. म्हणजे पोलाद आतून ठिसूळ झालं होतं. असं कडक पोलाद रात्रभर अॅसिडमध्ये राहिलं की होतं. तुमच्या मोरीची जाळी तशीच झाली आहे, रंगसुद्धा तोच.”

“मग ह्यानेच टाकलं असेल अॅसिड,” फौजदार म्हणाला.

“मग कानशीची गोष्ट कशाला रचायची? खरं सांगूनही तुरुंगच होता. त्याला लोकांचं लक्ष अॅसिडकडे जायला नको होतं. घरात चार माणसं. थोरला स्वतः चकित झाला होता. त्याच्या बायकोला तो वास सोसत नाही. राहिलं कोण?”

“नका,” धाकटा म्हणाला.

“जिला घरात काळा डाग चालत नाही, ती बाई. मुलाची शर्यत आहे आणि त्याची साखळी घाणीत पडली आहे, हे तिने पाहिलं. रॉकेल ओतून दिलं आणि तिला जे सगळ्यात चांगलं माहीत होतं ते टाकलं. पहाटे धुऊन ठेवली. हाताची सालं निघाली तरी तिला कळलं नाही की तिने काय केलं.”

धाकट्याने बंद दाराकडे पाहिलं, पलीकडे बाकावर आई होती.

“दोन टब होते,” धाकटा अखेर म्हणाला. “शेजारी शेजारी. तिने माझी नाही धुतली.”

भावजींनी खाली पाहिलं.

“सकाळी दादाने थाप मारली तेव्हा मला अॅसिडचा वास आला. मला माहीत होतं ना, दुकानात सांगितलं होतं. सांगायला तोंड उघडलं. मग मनात आलं, जाऊ दे. आईचा लाडका, आईनेच धुतली. खराब होईल, शर्यतीत अडेल, येईल परत तोंड पाडून. मरेल असं नाही वाटलं हो. आईशपथ नाही वाटलं.” त्याने फौजदाराकडे पाहिलं. “मग मी खोटं काय बोललो? लिहून घ्या ना. मीच मारलं.”

फौजदाराने पेन खाली ठेवलं.

“आईला सांगू नका,” धाकटा वहिनींना म्हणाला. “साखळीच खराब होती म्हणा.”

“मग ती सायकलवाल्याला जगू देणार नाही. आणि तू आत राहिलास तर रोज विचारत राहील, माझ्या मुलाने माझ्या मुलाला का मारलं. ह्यातलं कुठलं सांगू, तूच सांग.”

त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि उठला.

बाक

दार उघडलं आणि धाकट्याला बेडीशिवाय बघून आई धावली. “मी म्हटलं नव्हतं? मी म्हटलं होतं ना!” तिने त्याचा चेहरा धरला. मग वहिनींकडे वळली. “मग कोणी बिघडवली ती साखळी?”

वहिनींनी तिला बाकावर बसवलं आणि शेजारी बसल्या.

“शर्यतीच्या आदल्या रात्री ती साखळी तुम्ही धुतलीत का?”

“हो, मीच!” आईच्या चेहऱ्यावर, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, उजेड पडला. “किती काळी होती. रात्रभर ठेवली, तेव्हा कुठे निघाली. त्याला सांगितलंसुद्धा नाही. म्हटलं, जिंकून आला की सांगू.”

भावजींना चौकीबाहेर पळावंसं वाटलं. आई एकेकाच्या तोंडाकडे बघत गेली. वहिनी. फौजदार. शेवटी मुलगा, आणि तो रडत होता.

मग तिने स्वतःचे हात मांडीवर उलटे करून पाहिले.

वहिनींनी सगळं सांगितलं, हळूहळू, काही न गाळता. फक्त सकाळच्या वासाचं आणि उघडलेल्या तोंडाचं सांगितलं नाही. ते सांगायचा हक्क धाकट्याचा होता.

ऐकून झाल्यावर आई उठली आणि फौजदारापुढे उभी राहिली.

“ह्याच्या जागी मला घ्या.”

“बाई, तुम्हाला माहीत नव्हतं. हा गुन्हा होत नाही.”

“मग मी जाऊ कुठे?”

फौजदार खिडकीबाहेर बघायला लागला. धाकट्याने पुढे होऊन तिचा हात धरला. सालं निघालेली बोटं त्याच्या मुठीत आली. “चल,” तो म्हणाला, “घरी चल. मलाही तुला काहीतरी सांगायचंय.”

“अजून काय राहिलंय?” तिने विचारलं.

तो तिला घेऊन पायऱ्या उतरायला लागला. भावजींनी गाडीची किल्ली पुढे केली, पोचवतो म्हणून. वहिनींनी त्यांचा हात धरून थांबवला.

“जाऊ द्या, भावजी. चालतच जाऊ द्या. घरी पोचेपर्यंत तेवढाच वेळ आहे तिला.”