आकड्यांची पट्टी नसलेला कीबोर्ड

मिनानं मनगट झटकलं, तोच काउंटरपलीकडून कुणीतरी म्हणालं, "दुखून राहिलंय ना?"

तिनं वर पाहिलं. बहिणीची लग्नपत्रिका छापायला आलेला तरुण. खांद्याला बॅग, भुवईवर हळदीची पिवळी रेघ. हिंगोलीच्या मोंढ्यात, शेतमालाच्या बाजारात, हळद उतरू लागली की ती कुणालाच सोडत नाही. किशनरावांच्या प्रेसमध्ये तर कागदावर, पंख्यावर, मिनाच्या कीबोर्डच्या फटींतही तीच.

"पत्रिकेचं बोला," मिना म्हणाली. "निमंत्रकाचं नाव?"

"रणजीत राठोड."

"राठोड?"

"व्हय, राठोड. बराबर लिहा." तो हसला. तिनं मान खाली घातली.

पुण्यातल्या कंपनीचं काम तो बाळापूरजवळच्या तांड्यावरून करायचा. बहिणीचं लग्न झालं की कंपनी त्याला पुण्यात बोलावणार होती. हे तो किशनरावांना सांगत असताना मिनाची एक ओळ उगाच दोनदा टाइप झाली.

प्रूफ बघायला आला तेव्हा त्यानं बॅगेतून एक पांढरा, वहीएवढा कीबोर्ड काढला.

"हा वापरून पाहा. हात लांब न्यावा लागत न्हाई."

"एवढुसा? बाकीचा कुठं विसरलात?"

"एवढाच येतो. महागाचा आहे."

"कमी देऊन जास्त घेतेत? हे बरंय!"

"ठेवा काही दिवस. मग सांगा, चांगलं काय, वाईट काय. माझं मन राखायचं न्हाई."

लग्नसराईचं सगळं काम मिनाच्या हातांवर होतं. मनगट असंच दुखत राहिलं, तर किशनराव कामाला दुसरी मुलगी बघणार आणि तिला शहर सोडून आपल्या तांड्यावर परतावं लागणार. ही धास्ती तिनं कुणालाच सांगितली नव्हती. या माणसाला मात्र दुखणं न सांगता दिसलं होतं...

कीबोर्ड खरंच गुणी निघाला. बटण अर्धं दाबलं तरी अक्षर उमटायचं. आवाज असा, की ओल्या मातीवर थेंब पडतायत. तिची बोटं घाई विसरली.

आणि एका सकाळी ती अडली. सिद्धेश्वर गावच्या गिऱ्हाइकाची पत्रिका होती. प्रेसच्या जुन्या फॉन्टमध्ये काही जोडाक्षरं आल्ट दाबून उजवीकडच्या पट्टीवर आकडे मारले तरच उमटतात. या कीबोर्डला ती पट्टीच नव्हती! वरच्या रांगेतले आकडे मारून पाहिले. काही नाही. गिऱ्हाईक काउंटरवर बोटं वाजवू लागलं.

"मिना, तो खुळखुळा ठेव बाजूला," किशनराव ओरडले. "जुना लाव!"

तिनं जुना लावला. मनगटात कळ आली. पण वाईट वाटलं ते रणजीतसाठी.

तो आला तेव्हा तिनं खरं तेच सांगितलं. "हात दुखत न्हाई. चहा ठेवायला जागा झाली. आवाज गोड आहे."

"आन वाईट?"

"पांढरा हाय, हळदीनं पिवळा पडून राहिला. भाव ऐकून मायला घेरी येईल. आन... आकड्यांची पट्टी न्हाई. तिच्याबिगर पत्रिका पुरी होत न्हाई."

त्याचा चेहरा उतरला. "ध्यानातच आलं न्हाई माझ्या. मी आपला इंग्रजी बडवणारा."

"माझ्या तरी कुठं आलं?"

तो कीबोर्ड न उचलताच गेला. पुढच्या बाजाराच्या दिवशी आला, तेव्हा त्याच्या तळहातावर एक छोटी पट्टी होती. नुसत्या आकड्यांची.

"ही वेगळी मिळती. वायर लावा, पाहिजे तिथं ठेवा."

मिनानं ती अगदी जवळ ठेवली. आल्ट दाबून आकडे मारले. 'सिद्धेश्वर' पूर्ण उमटलं, आणि हात जागचा हललाही नाही.

"आता वाईट काही उरलं?"

"एक उरलं." ती पडद्याकडे बघत राहिली. "तुमी पुण्याला चाललात. हे बिघडलं तर... कुणाकडं नेऊ?"

"न्हाई चाललो. इथूनच काम करतो म्हणून कंपनीला कळवलं. हो म्हणले. पगार थोडा कमी, काम तेवढंच."

"म्हणजे कंपनी बी कीबोर्डसारखीच!" ती हसली, मग थबकली. "पण... काहून?"

"पहिल्या दिवशी तुमी माझं आडनाव परत विचारलं. पत्रिकेला एकदा पुरतं."

मिनाचे कान तापले. त्यांच्या बंजारा तांड्यांत एका आडनावात सोयरीक होत नाही. 'राठोड' ऐकून चव्हाणांची मिना मनातून का सुखावली, हे त्याला तेव्हाच कळलं होतं तर!

"मायला पाठवू... तुमच्या घरी?" त्याचा आवाज पहिल्यांदाच अडखळला.

मिनानं जुन्या कीबोर्डची वायर काढली, सावकाश गुंडाळली आणि तो टेबलाखाली सरकवून दिला.

"पाठवा. कीबोर्डचा भाव तेवढा बोलू नका म्हणावं." मग नजर वर करून ती म्हणाली, "आन पत्रिका दुसरीकडं छापायची न्हाई. ती मी टाइप करणार."