पुलावरची पाच मिनिटं

सापाची बरणी मांडीवर घेऊन प्रेमात पडलेली मुलगी अख्ख्या चंद्रपूर-गडचिरोलीत एकच निघेल, आणि ती म्हणजे सत्यशीला जांभुळकर. खोटं वाटत असेल तर ऐका.

शहाऐंशी सालचा भाद्रपद. सिंदेवाहीला जाणाऱ्या एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती. सत्यशीलाला कशीबशी खिडकी मिळाली होती. मूळची ती आरमोरीची, बी.ए. बी.एड. हिरडगावच्या हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवायला लागून तिला वर्ष झालं होतं. बाहेर धानाच्या बांध्या पाण्यानं तुडुंब होत्या, ओल्या सागाचा वास आत येत होता. पलसटोल्याच्या थांब्यावर एक उंच, सावळा तरुण चढला. काखेत गुंडाळलेला तक्ता, हातात काचेची बरणी, आणि बरणीत स्पिरिटमध्ये वेटोळं घातलेला साप.

“बाई, जरा पकडता का? मले दांडी धराले हात नाई उरला.”

“यात... साप हाय?”

“मेला हाय. जिता असता तर त्याचंबी तिकीट काढलं असतं.”

तिला हसायचं नव्हतं, पण हसू आलंच. तिनं बरणी घेतली. रस्ता सगळा खड्ड्यांचा. दर खड्ड्याला बरणीतला साप हलायचा, ती डोळे मिटायची, आणि उघडले की तो तरुण तिच्याकडे पाहत असायचा. मग दोघंही घाईघाईनं खिडकीबाहेर बघायचे. सिंदेवाहीला उतरल्यावर कळलं की दोघांना एकाच बैठकीला जायचंय. तो गुलाब दोनाडकर, पलसटोल्याच्या शाळेतला गणित-विज्ञानाचा मास्तर.

बैठक होती शाळा संकुलाची. त्या मुलखातल्या चार हायस्कुलांनी त्या वर्षी एकत्र यायचं ठरवलं होतं. एका शाळेत विज्ञानाचा मास्तर होता तर इतिहासाचा नव्हता, दुसरीत नेमकं उलटं. कुठं नकाशे होते, कुठं सापाची बरणी. दहावीचा निकाल मात्र चारही ठिकाणी सारखाच, तोंड लपवावं असा. म्हणून मास्तर वाटून घ्यायचे, सामान वाटून घ्यायचं, सराव परीक्षा एकच घ्यायची, आणि पेपर एकमेकांच्या शाळांनी तपासायचे. संकुलप्रमुख गुणवंतराव म्हणजे करडा माणूस. त्यांनी तिथल्या तिथं वाटणी केली. दर शनिवारी दोनाडकरांनी हिरडगावला विज्ञान शिकवायला जायचं, आणि जांभुळकर बाईंनी पलसटोल्याला इतिहास.

म्हणजे दैवाची गंमत बघा. ती त्याच्या शाळेत जायची तेव्हा तो तिच्या शाळेत. दोन गावांत अकरा किलोमीटर जंगल, दोघांच्या दोन सायकली, आणि भेट व्हायची ती फक्त अर्ध्या वाटेवर, नाल्याच्या पुलावर. शनिवारची सकाळची शाळा. थांबायला मिळायचं ते पाच मिनिटं, त्याहून एक जास्त नाही. परतीच्या वेळा तर कधीच जुळल्या नाहीत.

“आज उशीर झाला, बाई.”

“दोनच मिनिटं.”

“माझ्या घड्याळात तीन हायेत.”

“मंग आता भांडण्यात ती बी घालवा.”

तो खिशातून बोरं काढायचा. ती एक घ्यायची... मग आणखी एक. तिच्या शाळेतल्या पोरांनी गेल्या आठवड्यात बेडकाचं हृदय कसं काढलं ते तो सांगायचा. त्याच्या शाळेतल्या पोरांना लढायांची सालं कशी पाठ होत नाहीत ते ती सांगायची. बोलणं सगळं शाळेचंच, पण निघताना तो सायकलवर टांग टाकायला जरा जास्तच वेळ लावायचा. ती वळणापर्यंत मागं बघायची नाही, आणि वळणावर बघायचीच. रविवारी सकाळी उठलं की पहिला हिशेब शनिवारला किती दिवस राहिले याचा. जीव जडला होता, दुसरं काही नाही.

दिवाळीनंतर हिरडगावचा गणिताचा मास्तर बदली घेऊन नागपूरला गेला. मुख्याध्यापक वामनरावांनी सत्यशीलाला बोलावलं. “बाई, दहावीचं गणित तुम्हीच उचला. नाई म्हणू नका.” नाही म्हणायची सोय नव्हतीच. तिची दोन वर्षांची उमेदवारी जूनमध्ये संपत होती. कायम करायचं की घरी पाठवायचं ते वामनरावांच्या अहवालावर ठरणार होतं. तिचे वडील सोमाजी आरमोरीच्या राईस मिलमध्ये पोती उचलायचे. घराण्यात मॅट्रिकच्या पुढं गेलेली ती पहिली. तिनं मान डोलावली, कुणाच्या तरी जुन्या वहीवरून सूत्रं उतरवून घेतली, आणि रात्र न म्हणता दिवस न म्हणता घोकून वर्गात शिकवली. शाळेतल्या एकुलत्या पुस्तकाची मागची उत्तरांची पानं वाळवीनं खाल्ली होती. ताळा करून बघावा हे इतिहासाच्या माणसाला सुचलंच नाही.

फेब्रुवारीत सराव परीक्षा झाली. हिरडगावचे गणिताचे पेपर तपासायला पलसटोल्याला गेले. पुढच्या बुधवारी दुपारी, शाळा सुटल्यावर, गुलाबची सायकल फाटकात दिसली. शनिवार नसताना आलाय म्हणून तिला आधी आनंदच झाला. मग त्याचा चेहरा दिसला.

“मंगली मडावीची गणिताची वही हाय का इथी?”

दहावीतल्या मंगलीची वही कपाटात होती. त्यानं ती उघडली, एक पान काढलं आणि त्यावर बोट ठेवलं.

“काय झालं, सर?”

“वर्गसमीकरणाचं सूत्र. सहा अधिक-उणे दोन, आणि या साऱ्याले दोननं भागाचं. उत्तर येते चार आणि दोन. तुम्ही भागाकाराची रेघ नुसत्या शेवटल्या दोनखाली मारली. सत्तावीस पोरं, बाई... सत्तावीस पेपरात एकच उत्तर. सात आणि पाच.”

सत्यशीलानं वही ओढून ती रेघ पाहिली. ती बाकावर बसली.

“मी उत्तराखाली अजून खूण नव्हती केली. कसं सांगावं तुमाले, याच विचारात होतो. पण सोमवारी गुणवंतराव आले, गठ्ठा उचलला, चाळला. म्हणाले, एवढी सारखी चूक नक्कल केल्याबिगर होत नाई. संकुलाच्या वहीत लिहून टाकलं, सामूहिक नक्कल. शुक्रवारी बैठक हाय. तुमच्या गावचं केंद्र रद्द करा म्हणून वर लिहिणार हायेत.”

याचा अर्थ तिला सांगावा लागला नाही. दहावीच्या परीक्षेचं केंद्र हिरडगावला पहिल्यांदाच मिळालं होतं. ते गेलं तर पोरांना चौतीस किलोमीटरवर सिंदेवाहीला जाऊन राहावं लागणार. मुलगे जातील कसेतरी. पण वर्गात अकरा पोरी होत्या, आणि त्यांच्यापैकी एकीलाही घरचे परगावी आठ दिवस राहू देणार नव्हते. अकराही जणी मार्चमध्ये मोहफुलं वेचायला जातील, आणि मेमध्ये त्यांची लग्नं होतील.

गुलाबनं पिशवीतून एक पेपर काढून तिच्यापुढं ठेवला. मंगलीचा. पोरीनं आधी अवयव पाडून उत्तर काढलं होतं, चार आणि दोन. मग त्याच्यावर आडवी रेघ मारून खाली लिहिलं होतं, सात आणि पाच. बाजूला बारीक अक्षरात, ‘बाईंच्या सूत्राने.’

सत्यशीलानं तोंडावर पदर धरला. बरोबर आलेलं उत्तर पोरीनं खोडलं होतं, कारण बाई चुकणार नाहीत असा तिचा भरवसा होता. याहून मोठी शिक्षा मास्तरकीत दुसरी नसेल.

“काऊन नाई विचारलं मले?” गुलाबचा आवाज कठोर नव्हता, दुखावलेला होता. “दर शनिवारी भेटत होतो. एक शब्द तर बोलाचा.”

तिनं मंगलीचा पेपर बाजूला सारला. मग जे होतं ते सांगून टाकलं. “पाच मिनिटं भेटत होती, सर. आठवड्याची पाच मिनिटं. ती मी गणितात घालवू? मले... मले तुमच्याशी बोलाचं राहे. म्हणून नाई विचारलं. आता त्याची शिक्षा त्या पोरी भोगतीन.”

वाऱ्यानं वहीची पानं फडफडली, ती त्यानं हातानं दाबून धरली.

“शुक्रवारी मी सांगतो,” तो शेवटी म्हणाला. “शनिवारी विज्ञानाच्या तासाले हे सूत्र मीच शिकवलं, घाईत चुकलो. मी कायम हावो. मले चार शिव्या देतीन आणि सोडतीन. तुमी तोंड नका उघडू. तुमची नोकरी जाईन, सत्यशीला.”

बाई नाही, जांभुळकर बाई नाही. नुसतं नाव. दुसऱ्या कुठल्या दिवशी तिनं ते आठवडाभर मनात घोळवलं असतं.

“नका करू असं,” ती म्हणाली.

“मी करन.”

शुक्रवारी सिंदेवाहीला चारही मुख्याध्यापक जमले, शिकवणारी म्हणून सत्यशीलाला आणि तपासणारा म्हणून गुलाबलाही बोलावलं होतं. वामनरावांनी तिला व्हरांड्यातच सांगितलं, “बाई, पोरं नक्कल करतात हे लोक विसरतात. मास्तरच चुकीचं शिकवते हे नाई विसरत. तुमाले कायम व्हाचं हाय ना? मंग गप ऱ्हाजा.” गुणवंतरावांनी गठ्ठा टेबलावर आपटला आणि हिरडगावच्या शाळेबद्दल जे बोलायचं ते बोलले. एवढ्यात गुलाब उठला.

“सर, नक्कल नाई. ते सूत्र मी शिकवलं होतं. माझीच चूक हाय.”

गुणवंतराव त्याच्याकडं वळले. “तुम्ही? दोनाडकर, तालुक्यात गणिताले तुमच्या तोडीचा माणूस नाई. बरं, लिहा फळ्यावर. काय शिकवलं ते पाहू.”

गुलाब फळ्यापाशी गेला. त्यानं समीकरण लिहिलं, सूत्र लिहिलं, आणि रेघ मारायची वेळ आली तेव्हा त्याचा हात अडला. जन्मभर बरोबर गणित केलेला हात तो. चूक करायची म्हटली तरी त्याला जड जात होतं. सगळे बघत होते. सत्यशीलाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच क्षणी तिचं भय गेलं. ती उठली, त्याच्या हातातला खडू घेतला, शेवटच्या दोनखाली आखूड रेघ मारली आणि उत्तर लिहिलं, सात आणि पाच.

“असं शिकवलं, सर. मी शिकवलं. ही मंगली मडावीची वही, ही माझी रोजच्या पाठाची टाचणवही. तारीख बी हाय त्यात. दोनाडकर सरांनी या वर्गाले कधी गणित घेतलंच नाई. पोरांनी नक्कल केली नाई. पोरांनी माझं ऐकलं. जे करायचं ते माझं करा, केंद्र राहू द्या.”

गुणवंतरावांनी दोन्ही वह्या पानन् पान वाचल्या, पेपरांशी ताडून पाहिल्या. मग संकुलाच्या वहीतली आपलीच ओळ त्यांनी खोडली आणि खाली सही केली.

“केंद्र राहील,” ते म्हणाले. “तुमचं, बाई, माझ्या हातात नाई.”

त्या दिवसापासून परीक्षेपर्यंत गुलाब रोज संध्याकाळी अकरा किलोमीटर सायकल हाणत हिरडगावला आला. दहावीचा वर्ग भरायचा आणि शेवटच्या बाकावर, मंगलीच्या शेजारी, वही उघडून सत्यशीला बसायची. पहिल्या दिवशी पोरांना कानकोंडं झालं. तिनं उभं राहून सांगितलं, “मी चुकीचं शिकवलं होतं. आता तुमच्यासंगं बरोबर शिकते.” पुन्हा कुणी मागं वळून बघितलं नाही. मोहाचा वास खिडकीतून आत यायचा, तो फळ्यावर रेघ मारायचा, पूर्ण, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि क्षणभर शेवटच्या बाकाकडं बघायचा. तेवढ्यावर तिनं ते दिवस काढले. अकराही पोरी गावातच परीक्षेला बसल्या.

मे महिन्यात तिला पत्र आलं. अध्यापनात गंभीर त्रुटी, सेवा समाप्त. तिनं ट्रंक भरली, घरमालकीण ठमाबाईच्या पाया पडली आणि आरमोरीला निघून आली. वडिलांना सगळं सांगितलं. सोमाजींनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ते मिलवर गेले. गुलाबनं दोन पत्रं पाठवली, तिनं एकाचंही उत्तर दिलं नाही. काय लिहिणार? नोकरी नाही, त्यात जातीची भिंत. त्याच्या घरी काय चाललं असेल हे न सांगता कळत होतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तो स्वतःच दारात उभा राहिला. रविवार होता, सोमाजी घरीच होते. गुलाब खाटेवर बसला, पाणी प्याला आणि आधी तिच्याकडं वळून म्हणाला, “निकाल लागला. अकरातल्या नऊ पास. मंगलीले गणितात एक्क्याऐंशी.”

नोकरी गेल्याचं पत्र आलं तेव्हा ती रडली नव्हती. आता मात्र ती चुलीपाशी जाऊन भिंतीकडं तोंड करून हुंदके देत रडली. तिची आई शकुबाई पाठीवरून हात फिरवत राहिली.

“भाऊ,” गुलाब सोमाजींना म्हणाला, “मी कुणब्याचा पोरगा. घरी सत्यशीलाचं नाव काढलं, त्याले दोन महिने झाले, तवापासून माझी माय माझ्याशी बोलून नाई राह्यली. पुढं बोलन का, ते मले माहीत नाई. खोटा दिलासा देत नाई तुमाले. पण मले तुमची पोरगी मागाची हाय.”

“तिची नोकरी गेली, माहीत हाय ना?”

“माहीत हाय. काऊन गेली, ते बी माहीत हाय. मी त्या दिवशी तिच्यासाठी खोटं बोलाले उठलो होतो. तिनं माझ्या हातातला खडू काढून घेतला. तवापासून मले दुसऱ्या कोणासंगं जगताच येत नाई, भाऊ.”

सोमाजींनी पोती उचलून उचलून घट्टे पडलेले आपले हात एकमेकांवर घासले. “माय नाई आली तर आमी हावो,” ते म्हणाले. “विहारात लगीन लावू. पण हे माझं झालं. तिले विचारा.”

सत्यशीला दारात येऊन उभी राहिली. चार मुख्याध्यापकांपुढं जिचा आवाज हलला नव्हता, तिला आता शब्द फुटेना. तिनं नुसती मान हलवली.

“मान हलवून चालत नाई,” सोमाजी म्हणाले. “जन्माचा सवाल हाय. तोंडानं सांग.”

तिनं पदरानं डोळे पुसले आणि गुलाबकडं सरळ पाहिलं. घाईघाईनं निघायचं नव्हतं, घड्याळ बघायचं नव्हतं.

“हो, बाबा,” ती म्हणाली. “मले यांच्याच घरी जायचं हाय.”