चौथ्या पॉइंटवरची शीळ

मुलांनो, आधी डोळे मिटा.

आता डोळ्यांसमोर एक पेट्रोल पंप आणा… आणि त्यातून पेट्रोलचा वास काढून टाका. गाड्या येतात, जाड केबल लावून घेतात, गुपचूप वीज पितात आणि निघून जातात. धूर नाही. आवाज नाही.

असं एक चार्जिंग स्टेशन कसबा बावड्याच्या बाहेर, उसाच्या रानाला लागून आहे. तिथे घडलं ते अगदी खरं. दिवाळी नुकतीच सरली होती, साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं होतं. आणि वेळ रात्रीची नव्हती. दिवेलागणीची होती.

चष्मेवाली वल्लरी पाचवीत होती. तिची आई अवंतिका त्या स्टेशनची व्यवस्था बघायची. म्हणून शाळा सुटली की वल्लरी तिथे यायची आणि राखणदार गुंडूआज्जाजवळ बसायची. आज्जाने उभी हयात बैलगाडीने कारखान्याला ऊस पोचवला होता. सध्या तो तिला शीळ घालायला शिकवत होता. तिच्या तोंडून मात्र नुसती हवा यायची.

"चूल फुकतीस व्हय गं?" तो चिडवायचा.

स्टेशनवर चार पॉइंट होते. चौथ्याच्या पलीकडे हायड्रोजनवर चालणाऱ्या बससाठी टाकी बसवायची होती. तिथे खड्डा खणताना एक डोण, म्हणजे दगडात कोरलेलं लांबट कुंड, निघाली. ती उचलून कुंपणाशी ठेवली.

त्याच आठवड्यात सुरू झालं.

रोज दिवेलागणीला चौथ्या पॉइंटकडून एक शीळ यायची… संथ, लांबलचक.

मग धप्प.

अवंतिका धावत जायची. गाडी नाही. माणूस नाही. केबल जमिनीवर पडलेली… तिचं तोंड डोणीकडे.

आणि मशीनच्या पडद्यावर अक्षरं, 'चार्जिंग सुरू आहे.'

कॅमेऱ्यात बघावं, तर तेवढ्या वेळचं चित्र धुरकट. जणू कुणी काचेला नाक लावून श्वास सोडला होता.

स्टेशनचे मालक उदयसिंह शहरात वाढलेले. त्यांनी हिशेब जुळवला. शीळ म्हणजे इशारा. गुंडू शीळ घालतो, त्याचा साथीदार कुंपणाआडून वीज चोरतो, आणि कॅमेऱ्याची काचही तेच माखतात. पुन्हा असं झालं तर गुंडूने कामावर यायचं नाही, असं त्यांनी बजावलं.

"मालक, माझी शीळ न्हाय ती," आज्जा म्हणाला. पण मग कुणाची, यावर तो गप्प राहिला.

ते गप्प राहणंच सगळ्यांना खटकलं. अवंतिकाने लेकीला केबिनमध्येच बसायला सांगितलं. अंथरुणात पडल्यावर वल्लरीच्याही मनात येऊन गेलं… खरंच आज्जाच असला तर?

दुसऱ्या दिवशी उदयसिंह स्वतः येऊन दिवे मालवलेल्या गाडीत दबा धरून बसले. वल्लरी केबिनमधून निसटली. आज्जाचे दोन्ही हात धरून त्याच्या ओठांकडे बघत बसली.

"तुझा बी संशय हाय व्हय?"

तिने नजर हलवली नाही. हातही सोडले नाहीत.

कारखान्याचा भोंगा झाला.

कुत्र्यांचं भुंकणं थांबलं… उसातले किडेही गप्प झाले.

आणि शीळ आली.

आज्जाचे ओठ मिटलेले होते.

धप्प.

उदयसिंह टॉर्च घेऊन धावले. अवंतिका मागोमाग. कुणीच नव्हतं. त्यांनी केबल उचलली आणि लगेच टाकून दिली. तिचं तोंड ओलं होतं. चिकट… लाळेसारखं.

"आज्जा नव्हता," वल्लरी म्हणाली. "मी बघत होते."

उदयसिंहांनी मान हलवली. "गुंडूमामा, कामावर येऊ नका म्हणालो, ते मनावर घेऊ नका. पण ही शीळ कसली, तेवढं सांगा."

"बैलं पाणी प्यायला लागली की घालत्यात ती. शीळ ऐकली की जनावर निवांत पितंय. हितं आमी बैलगाड्या सोडायचो. ह्या डोणीवर पाजायचो."

"मग आता कोण घालतंय?"

"त्येच तर कळंना, म्हणून गप्प हुतो." आज्जाचा आवाज खाली आला. "हरेक गाडीवानाची शीळ मला ठावं हाय. ही आमच्यातल्या कुणाचीच न्हाय."

शीळ अजून चालूच होती… वाट बघत असल्यासारखी.

डोण कोरडी होती.

वल्लरीने गाड्यांच्या काचा पुसायची बादली उचलली. आई ओरडेपर्यंत ती डोणीपाशी पोचली होती. तिने पाणी ओतलं.

शीळ तुटली.

आणि शांततेत घोट ऐकू आले… मोठे, घाईचे. डोणीतलं पाणी सगळ्यांदेखत खाली खाली जाऊ लागलं.

"मागं फिर, पोरी," आज्जा पुटपुटला.

पुढे हायड्रोजनची टाकी रस्त्याच्या बाजूला बसली. आज्जा अजून तिथेच राखणीला आहे, डोणही रोज भरली जाते, केबल पुन्हा पडली नाही. पण दिवेलागणीला चौथ्या पॉइंटवर गाडी लावायला कुणी धजत नाही. का, ते वल्लरीने पुढे जे केलं त्यावरून समजा.

त्या संध्याकाळी, डोणीपाशी उभी असतानाच, तिच्या चष्म्याच्या काचा एकदम धुरकट झाल्या… कुणीतरी अगदी जवळ येऊन श्वास सोडावा तशा.

ती पळाली नाही. घाईघाईने पिणारं ते, जे काही होतं ते, पिणं सोडून घुटमळलं होतं. ते निवांत व्हावं, म्हणून तिने ओठांचा चंबू केला आणि फुंकर घातली.

त्या दिवशी तिला पहिल्यांदा शीळ जमली.

संथ. लांबलचक.

आठवडाभर ऐकू येत होती ना, कुठल्याच गाडीवानाची नसलेली… तीच.