मधल्या फणाचा नट

गंज लोखंड खातो. मग गंजलेला नट सैल पडायला हवा. तो उलट जास्तच घट्ट कसा बसतो?

हातात पाना धरून केतकी पेरणी यंत्रापुढे उकिडवी बसली होती. यंत्र आबांचं, तिच्या आईच्या वडिलांचं. आबा गेले तेव्हापासून ते गोठ्यामागे पडून होतं आणि आई तिकडे फिरकतही नव्हती.

यंदा ड्रोननं ज्वारी वरवर टाकली. निम्मी पाखरांनी टिपली, निम्मी उन्हात वाळली. आबांनी जपलेल्या वाणाचं आता डबाभर बी उरलं होतं. ते खालच्या ओलीपर्यंत पोचायलाच हवं होतं, आणि वाफसा (पेरणीजोगा जमिनीतला ओलावा) जेमतेम उद्यापर्यंत टिकणार होता. खोल पेरायचं म्हणून यंत्राचे फण (माती फाडत जाणारे दाते) खाली घ्यायचे होते. कडेचे दोन सरकले. मधला जागचा हलेना; त्याचा नट गंजून बसला होता.

"सरक. माझ्या हातात दहा माणसांचं बळ आहे," ठोक्या म्हणाला. हा गावच्या अवजार केंद्राचा यंत्रमानव.

"आणि डोक्यात?"

"डोकं सांगतंय, बळ लावलं तर बोल्ट तुटेल."

"मग आधी सांग, हा चिकटला कसा?"

"ज्वारीच्या लाह्या फोडतेस ना? मूठभर दाण्यांचं काय होतं?"

"पातेलंभर!"

"तसंच. ओल आली की लोखंडाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो. त्याला ऑक्सिडीकरण (ऑक्सिजन सामावून नवा पदार्थ बनणे) म्हणतात. त्यातून होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. नट आणि बोल्टच्या आट्यांमधे (गोल फिरत जाणाऱ्या खाचांमधे) जागा तरी किती असते? तिथेच फुगून तो पाचरीसारखा बसतो."

केतकीनं तेलाची बाटली उचलली.

"थांब! आधी आच. तेलावर ज्योत धरली तर पेटेल. आणि तू लांब हो."

ठोक्यानं बोटातून निळी ज्योत काढून नुसता नट तापवला. नट बाहेर, म्हणून तो आधी तापला आणि त्याचं प्रसरण (उष्णतेने वस्तूचे फुगणे) झालं. गंजाला बारीक तडे गेले. लोखंड पुरतं निवल्यावर केतकीनं तेल सोडलं. कंदिलाच्या वातीत चढावं तसं ते फटीत आपसूक शिरत गेलं. "केशाकर्षण," ठोक्या म्हणाला, "म्हणजे बारीक फटीत द्रव आपोआप ओढला जाणे."

बराच वेळ गेला. केतकीनं पाना लावून ओढला. नट ढिम्म.

"मी थोडा जोर..." ठोक्यानं हात पुढे केला. बोल्ट करकरला.

"सोड तो!"

आई होती. गोठ्याच्या कोपऱ्याशी कधीची उभी होती, कोण जाणे.

"आबा असं सोडवायचे नाहीत. आधी आवळायचे."

"ताई, आपल्याला तो सोडवायचाय," ठोक्या अदबीनं म्हणाला.

"केसभर आवळायचे. मग केसभर सोडायचे. का, ते मी कधी विचारलं नाही. विचारू सावकाश, असं वाटायचं."

ठोक्याचे डोळे क्षणभर मिचमिचले. "बरोबर आहे! एकाच बाजूला ओढलं की गंजाचा चुरा पुढे दाटतो. मागेपुढे केलं की तो दळला जातो आणि तेलाला वाट मिळते."

आईनं पाना घेतला. मूठ धरायच्या जागी तो झिजून गुळगुळीत झाला होता. तिनं आवळलं, सोडलं. पुन्हा आवळलं. कट्ट! आट्यांतून तेलात कालवलेली तांबडी पूड बाहेर आली आणि नट फिरू लागला.

"सुटला!" केतकी ओरडली. आईनं पाना पदराला पुसला.

मधला फण खाली सरकला. आता नट परत बसवायचा, इतक्यात केतकी म्हणाली, "थांब आई." तिनं बोटावर ग्रीस घेऊन आट्याआट्यात भरलं.

"हे कशाला?" ठोक्यानं मुद्दाम विचारलं.

"हवा आणि ओल आत जायला नको. पुढच्या वर्षी हा मलाच सोडवायचाय."

आई हसली आणि बियांचा डबा आणायला घरात गेली.