थांबलेल्या लाटा

वेसल फेनाच्या मनात भरला तो नंतर. आधी त्याच्या चित्राने तिला चक्कर आणली.

ग्रोनिंगन या डच शहरातल्या त्यांच्या वस्तीतला पोहण्याचा तलाव नगरपालिका बंद करायला निघाली होती. तो वाचवायला जमलेल्या मंडळींनी सह्या गोळा करायच्या वेबसाइटचं काम फेनाकडे दिलं आणि चित्रांचं वेसलकडे. वेसल भिंतींवर चित्रं रंगवायचा, मोर्चांचे फलक रंगवायचा. त्याने पहिल्या पानासाठी निळ्या लाटा पाठवल्या... सतत हलणाऱ्या, अक्षरांवरून वाहणाऱ्या. मंडळी खूश. फेनाने चार दिवसांत त्या काढून टाकल्या.

त्याच दुपारी पावसात निथळणारा एक उंच मुलगा तिच्या दारात उभा राहिला.

"माझा समुद्र कुणी आटवला?"

"मी. आणि समुद्र नाही, तलाव आहे."

तो हसला. ती हसली नाही. चूक दुरुस्त केली, त्यात हसण्यासारखं काय?

"इतका वाईट होता?"

"सुंदर होता. पण मला त्यावर एक ओळ वाचता येईना. मला ऑटिझम आहे. समोर काही हलत राहिलं की बाकीचं सगळं विस्कटतं. शेजारच्या योहानाबाईंना तर सहीचं बटणच सापडलं नाही. लोक सही न करता निघून जातायत, वेसल."

"पण लोकांना थांबवायला काहीतरी जिवंत नको का?"

"पाण्याखाली डोकं घातलं की शहर गप्प होतं. मला तिथे जिवंत वाटतं. तलाव बंद झाला तर मी—"

वेसलने ओला कोट काढला, खुर्ची ओढली.

"दाखव. तुला काय दिसतं ते दाखव."

मग तो रोज येऊ लागला. फेना योहानाबाईंना पानासमोर बसवायची आणि वेसल मागे उभा राहून त्यांचं बोट कुठे अडखळतं ते बघायचा. शेवटी त्याने पाण्याखाली डोळे मिटून तरंगणारी एक बाई काढली, अगदी स्थिर. खाली एकच मोठं बटण. लाटाही राहिल्या, पण ज्याला हव्यात त्याने सुरू करायच्या. हे फेनानेच सुचवलं होतं.

सह्या वाढत गेल्या. तीच बाई मोर्चात फलकांवर झळकली. वसंतात नगरपालिका नमली. फक्त रविवारी तलाव बंद राहणार होता.

निकालाच्या संध्याकाळी दोघं कालव्याच्या काठाने सायकली ढकलत चालले होते.

"आता सभा नाहीत," वेसल म्हणाला. "मला तर तुझी सवय लागलीय..."

"चांगली सवय की सोडायची?"

"फेना, तुला आडून बोललेलं कळत नाही, की मला छळतेस?"

"कळत नाही. सरळ सांग."

तो थांबला. "मला तू आवडतेस. मंडळींमधली म्हणून नाही. तू."

"मला विचार करायला वेळ लागतो."

"लागू दे."

आणि तो खरंच गप्प राहिला. कोणी गप्प राहिलं की फेनाला वाटायचं, आपलं काही चुकलं. आत्ता तसं वाटलं नाही. समोरून एक होडी गेली, पाणी काठाला लागून पुन्हा शांत झालं.

"मलाही," ती म्हणाली. "पण गजबजलेल्या ठिकाणी जेवायला नेऊ नकोस. आणि अचानक हात धरायचा नाही, आधी विचारायचं."

"बरं." तो जरा घुटमळला. "मग... विचारू?"

फेनाने सायकल कठड्याला टेकवली. दोन्ही हात मोकळे केले.

"विचार."