पलटणचं पेडल

दिवा राहू दे बंद. ऐकायला कान पुरेत. माझ्या ओळखीतल्या एका चष्मेवाल्याची गोष्ट आहे, चष्म्यांचं दुकान आहे त्याचं. ऐकीव नाही, त्याने स्वतः सांगितलेली.

त्याला गिटारचा भारी नाद. आणि एक मित्र होता, त्याला सगळे पलटण म्हणायचे. एकटाच बसायचा, पण चौघं वाजवताहेत असं वाटायचं! पायाशी स्वस्तातलं एक लूपर पेडल, साबणाच्या डबीएवढं. एकदा दाबून वाजवा, पुन्हा दाबा, की वाजवलेलं तेच फिरत राहतं. मग त्यावर दुसरं चढवा, तिसरं चढवा. पलटणला गिटार शिकवली चष्मेवाल्याने, टाळ्या मात्र पलटणला. चष्मेवाल्याची बायको नवऱ्याने तार छेडली की मिक्सर लावायची, पण पलटण वाजवायला बसला की दारात येऊन उभी राहायची. हे त्याला फार लागलं होतं.

पलटण अचानक गेला. महिन्याभराने, एका शनिवारी संध्याकाळी, त्याच्या बायकोने चष्मेवाल्याला बोलावून घेतलं.

"भावजी, ह्यांचं ते पेडल तुम्हीच न्या. इथे कुणाला कळतंय त्यातलं?"

"राहू दे हो वहिनी, तेवढीच आठवण..." तोंडाने असं म्हणाला, पण हात आधीच पुढे गेला होता.

रात्री दहाला बायको आत निजायला गेली. याने बाहेरच्या खोलीचं दार लोटलं, गिटारच्या स्पीकरचा आवाज बारीक केला, पेडल जोडलं. आत जुनं काही असेल म्हणून बटण दाबून धरलं आणि सगळं पुसलं. मग चार सोप्या कॉर्ड वाजवल्या. पाय पडायला उशीर झाला, सांधा अडखळला. पुसलं. पुन्हा तेच. बऱ्याच खटपटीनंतर पाय नेमका ठोक्यावर पडला. त्यावर याने एक चाल चढवली. दोन्ही फिरू लागल्या.

"एवढंच होतं होय रे, पलटण?" तो हसला.

तेव्हा तिसरी चाल आली.

याचे हात तारांवर नव्हते.

वरच्या सुरातली, नाजूक. याच्या दोन चालींमधून वाट काढत... इतकी सुरेख, की भीतीच्या आधी याला मत्सर वाटला. मेल्यावरसुद्धा?

त्याने बटण दाबून धरलं. पुसलं.

शांत...

मग पुन्हा. फक्त तिसरी.

त्याने वायर उपटली. पेडलचा लाल दिवा विझला.

चाल चालूच.

"अहो..." आतून बायकोचा झोपाळू आवाज.

"क... काय?"

"किती सुंदर वाजवताय आज. थांबू नका ना."

मी नाही वाजवत, हे सांगायला त्याने तोंड उघडलं...

आणि मिटलं.

"बरं," तो म्हणाला.

चाल तिथेच तुटली. याच्या अगदी मागे कुणीतरी श्वास सोडला.

सकाळी दुकानात भिंग पुसताना त्याची बोटं झोंबली. उजव्या हाताची. टोकांवर तारांचे खोल, काळपट वळ. आता बघा, गिटारच्या तारा हा दाबायचा डाव्या हाताने, उजव्या हाताने लिहिणारे बहुतेक तसेच दाबतात. उजव्या बोटांवर ते वळ यायचं कारणच नाही.

पलटण डावखुरा होता.