अस्वलाची जोडी

"चोर!"

मी काठीनं आवळ्याची फांदी ओढून राहिली होती. आवाज आला तशी फांदी सुटली... अन् सटकन माझ्याच कपाळावर.

कुंपणाच्या आत एक उंच माणूस उभा. पांढऱ्या मिशा, डोक्यावर खाकी टोपी, अन् गालात हसू.

"चोर कायले म्हणता?" मी कपाळ चोळत म्हटलं. "डॉक्टरणीनं सांगतलेलं औषध आहे हे."

"तिनं माझ्या झाडाचं नाव सांगतलं?"

"तिनं आवळा म्हटलं. झाड मी निवडलं."

तो असा हसला का झाडावरचे पोपट पार इटियाडोहच्या धरणावर जाऊन बसले असतील! मंग त्यानं आवळे पाण्यानं धुतले, माझ्या पदरात टाकले. टाकताना बोट बोटाले लागलं. थंडी होती, पोरीहो... तरी मले घाम फुटला.

हा शालीकराम. जन्मभर नागझिऱ्यात गाईड होता, लोकायले वाघ दाखवले. आता फुलचूरले एकटाच राहे. मीही एकटीच.

अन् औषध कायचं, ते ऐका.

माझी एक गोष्ट आहे. तरुणपणी मी मोहफुलं वेचाले गेली, तं मोहफुलं खाऊन झिंगलेलं अस्वल आलं, अन् मी त्याले लुगड्यानं झाडाले बांधलं. माझा योगराज नागपूरले राहते. दिवाळीले आला तं त्याची बायको चेतना हळूच म्हणे, "अहो, आईंना आठवत नाही आता. मला म्हणाल्या अस्वल होतं, तुम्हाला म्हणाल्या वाघ होता."

पोरगा घाबरला. गोंदियाले डॉक्टरणीकडे नेलं. मोठी गोड पोरगी.

"आजी, वय झालं की मेंदूच्या पेशींना त्रास होतो," ती म्हणे. "ज्या ऑक्सिजनवर आपण जगतो, त्याचाच मार बसतो. लोखंडाला जंग चढतो ना, तसं समजा. रोज पाय उचलून चाला. आवळा, हिरवी भाजी, जवसाची चटणी, मासोळी खा. जंग चढणारच नाही असं मी म्हणत नाही, पण हळू चढतो. उन्हाळ्यात परत या, मग पाहू."

बाहेर आल्यावर योगराज म्हणे, "उन्हाळ्यात काही निघालं तं घराले कुलूप, आई. नागपूरले चालायचं."

म्हणून मी चालू लागली. शालीकरामच्या कुंपणापासून तोही सोबत येई.

"रुख्माबाई, ते अस्वल सांगा ना."

"कालच तं सांगतलं!"

"मी म्हातारा... भुललो."

"खोटं बोलता, गाईडबाबू."

"अन् तुम्ही? अस्वल का लुगड्यानं बांधून घेते? मी जन्म जंगलात काढला, बाई."

"तुम्हाले भेटलेले अस्वल अडाणी असतील."

तो हसे. मंग बांधावरची चाकवताची कोवळी भाजी तोडून द्यावी, माझ्याकडून जवसाची चटणी घ्यावी, तिखट म्हणून नावं ठेवावी — अन् डबा चाटून पुसून परत करावा. रस्ता लांबत गेला. मले दम लागेनासा झाला. आरशात पाहून केस नीट करू लागली, हेही सांगून टाकते.

मंग उन्हाळा लागला. मोहाचा वास सुटला, अन् डॉक्टरणीकडे जायाचा दिवस आला. मी सकाळी कुंपणाशीच बसली. पाय उचलेना.

"काऊन बसले?"

"भेव वाटते. काल चष्मा कपाळावर, अन् मी घरभर शोधला. खरंच भुलून राहिली असंन तं? घर जाईल... हा रस्ता जाईल..."

तो बाजूले बसला. मंग म्हणे, "चेतनाले अस्वल केवढं सांगतलं होतं?"

"म्हशीएवढं. तिले म्हशीचा भेव आहे."

"योगराजले?"

"वाघ. लहानपणी अस्वल म्हटलं का रडे तो. तेव्हापासून त्याच्यापुरता वाघच."

"अन् मले? आवळे चोरले त्या दिवशी?"

"एक अस्वल. नर."

"अन् काल?"

मी पदराशी खेळू लागली.

"...काल दोन."

"तं भुलले कुठं? कोणाले काय सांगतलं, सारं पाठ आहे!" मंग आवाज बारीक करून — "दुसरं कुठून आलं, रुख्माबाई?"

"एकटं किती दिवस राहीन ते बिचारं?"

त्यानं हात पुढं केला, मले उठवलं... अन् सोडला नाही.

दवाखान्यात योगराजही नागपूरहून आला होता. डॉक्टरणीनं बरंच विचारलं, कागदावर घड्याळ काढाले लावलं, शब्द सांगून परत विचारले. मंग शालीकरामनं तिले अस्वलाचा सारा हिशोब सांगतला तं ती हसून हसून बेजार!

"चष्मा मीपण शोधते, आजी. सध्या काळजीचं काही नाही. चालणं सोडू नका."

योगराज मटकन बाकड्यावर बसला. डोळे पुसले, मंग हसला. छातीवरचा धोंडा उतरला पोराचा.

"म्हणजे कुलूप नाही?" मी विचारलं.

"नाही व आई. पण एक सांग... खरं काय होतं? अस्वल का वाघ?"

मी शालीकरामकडं पाहिलं. तो टोपी हातात घेऊन, परीक्षेले बसल्यासारखा उभा.

"खरं सांगू?" मी म्हटलं. "जोडी होती, बाबू. अन् बांधाले लुगडं लागलंच नाही."